कोपीवरची छत्री: सुटसुटीत स्टँडची निवड

माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर या साखर कारखान्यांच्या परिसरात गाळप हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. तळ हलला की टीव्हीची छत्रीही हलते, म्हणून तिला पक्क्या पायापेक्षा सुटा स्टँड बरा.

डीडी फ्री डिशचे प्रसारण 93.5 अंश पूर्व रेखांशावरच्या जीसॅट-15 उपग्रहावरून येते. बारामती-इंदापुरातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून जवळपास 60 अंश उंच असतो. त्यामुळे दहा मीटर उंचीचे झाड सहा-सात मीटर दूर असले, तरी आड येत नाही. छत्री उंच बांबूवर चढवण्याचा खटाटोप बहुधा वायाच जातो. शिवाय बांबू वाऱ्याने डुलतो, आणि 60 सेंटीमीटरची छत्री नेमक्या दिशेपासून दीड अंश ढळली की सिग्नल निम्म्यावर येतो. बैलगाडीवर किंवा ट्रॉलीवर छत्री बसवू नये, ते याच कारणाने.

लोखंडी तिपाई सर्वांत सोयीची. पाय फाकलेले, उंची गुडघ्याएवढी, वर मातीच्या गोणींचे वजन. नुसती खुंटी मुरमात टिकते. नीरेच्या कालव्याखालच्या काळ्या रानात पाणी मुरले की ती कलते. नळी ओळंब्यात उभी हवी, म्हणजे उंचीचा कोन एकदा बसवला की पुढच्या तळावर छत्री फक्त आडवी फिरवावी लागते. कोन मात्र पट्टीवरच्या आकड्यांवरून लावावा, कारण ही छत्री दिसते त्यापेक्षा बरीच वर पाहत असते.