चित्रफीत उलटी फिरते तेव्हा



मोहोळसारख्या तालुक्याच्या गावीही आज लग्नाची वा शाळेच्या स्नेहसंमेलनाची चित्रफीत घरच्या संगणकावर संपादित होते. वेग बदलणे व फीत उलटी फिरविणे या त्यातील दोन आवडत्या करामती. त्यांचे मर्म समजून घेणे आम्हांला अगत्याचे वाटते.

चलच्चित्र म्हणजे स्थिरचित्रांची माळ होय. त्यातील प्रत्येक चित्रास 'फ्रेम' म्हणतात. समजा, मोहोळ स्थानकातून सोलापूरकडे निघालेल्या आगगाडीचे १० सेकंद चित्रण केले. सेकंदाला २५ या हिशेबाने २५० फ्रेम मिळतात. हीच माळ शेवटाकडून दाखविली, की गाडी कुर्डुवाडीच्या दिशेने मागे सरकते. 'प्रीमियर प्रो' या प्रणालीत 'स्पीड/ड्युरेशन' या चौकटीतील 'रिव्हर्स स्पीड'वर खूण केली, की हे काम होते. मात्र संगणक कधी कधी अडखळतो. जागा वाचविण्यासाठी फितीत ठरावीक अंतराने एकच फ्रेम पूर्ण साठविलेली असते. मधल्यांत केवळ बदलांची नोंद असते. त्यामुळे उलट जाताना आधीची पूर्ण फ्रेम गाठून तेथून पुढचे उलगडावे लागते.

वेग ५० टक्के केला, की १० सेकंदांची फीत २० सेकंदांची होते; २०० टक्के केला, की ५ सेकंदांची. संथ करताना त्याच २५० फ्रेम दुप्पट वेळ पुरवाव्या लागतात, म्हणून हालचाल तुटक भासते. यास्तव संथ दृश्य मुळातच सेकंदाला ५० फ्रेमने टिपावे. आवाजाचेही भान हवे : निम्म्या वेगाने तो एक सप्तक खाली उतरतो. 'मेंटेन ऑडिओ पिच' हा पर्याय निवडल्यास स्वर कायम राहतो.

ही कला नवी नाही. १८९६ साली ल्युमिएर बंधूंनी भिंत पाडण्याचे दृश्य उलटे दाखविले, तेव्हा कोसळलेली भिंत पुन्हा उभी राहिली! आपल्या दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) काढण्यापूर्वी वाटाण्याच्या रोपाची अनेक दिवसांची वाढ थोडी थोडी टिपून काही क्षणांत पडद्यावर आणली. तेथे वेगबदलाने सत्य झाकले नाही. डोळ्यांना न दिसणारे सत्य प्रकट केले.

परंतु याच साधनाने असत्यही पसरते. मे २०१९ मध्ये अमेरिकेतील प्रतिनिधिगृहाच्या तत्कालीन सभापती नॅन्सी पेलोसी यांच्या भाषणाची फीत सुमारे ७५ टक्के वेगाने फिरवून प्रसृत करण्यात आली. स्वरही जुळवून घेतला होता. त्या नशेत बोलत आहेत असा अनेकांचा समज झाला. वास्तविक, एकही शब्द बदललेला नव्हता! त्याचप्रमाणे, पैसे देणारा हात उलट्या फितीत पैसे घेणारा दिसू शकतो. गावातल्या माणसाची अब्रू जायला एवढे पुरेसे आहे.

म्हणून आमची विनंती एवढीच : मूळ फीत जपून ठेवावी, वेग बदलला असल्यास तसे पडद्यावर लिहावे आणि संशयास्पद फीत पुढे धाडण्यापूर्वी मूळ पाहण्याचा आग्रह धरावा. करमणूक अवश्य व्हावी. मात्र ती कोणाच्या चारित्र्याच्या मोलाने नको.