एकतीस नंबरची जर्सी

तोब्रुकच्या वेढ्याबद्दल बोललो होतो तेव्हा एका ऑस्ट्रेलियन कॉर्पोरलचं नाव ओझरतं घेतलं होतं आणि त्याच्या मुलाची गोष्ट पुढे कधीतरी सांगेन, असं म्हणालो होतो. आज ती सांगतो. गोष्ट खेळाची आहे, आणि तीही अशा खेळाची जो आपल्याकडे फारसा कुणी पाहिलेला नाही. पण फौजेत तीसेक वर्षं काढलेल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटत नाही. का, ते ओघात येईल.

१६ सप्टेंबर २०२३ रोजी मेलबर्न शहरात रॉन बरॅसी नावाचा माणूस वारला. वय ८७. पडल्याचं निमित्त झालं आणि त्यातून तो उठला नाही. आदल्याच रात्री मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर मेलबर्न आणि कार्लटन या दोन क्लबांमध्ये बाद फेरीचा सामना झाला होता. नव्वद हजारांहून जास्त माणसं मैदानात होती आणि कार्लटननं तो अवघ्या दोन गुणांनी जिंकला. हे दोन्ही क्लब बरॅसीचेच. एकासाठी तो बारा हंगाम खेळला. दुसऱ्यासाठी त्यानं पहिल्याला सोडलं. तेव्हा शनिवारी बातमी आली तेव्हा एक बाजू हरल्याच्या दुःखात होती, दुसरी जिंकल्याच्या आनंदात होती, आणि दोघांनाही एकाच माणसासाठी थांबावं लागलं.

आधी खेळ काय आहे ते थोडक्यात. याला ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल म्हणतात, तिकडे नुसतं 'फुटी'. चेंडू रग्बीसारखा लांबट. मैदान क्रिकेटचं, म्हणजे अंडाकृती. एका बाजूला अठरा खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोघांतून चेंडू लाथेनं पार केला की सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. चेंडू फेकायचा नाही. एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं ठोसायचा किंवा लाथ मारायची. उडालेला चेंडू हवेतच झेलला की झेलणाऱ्याला निवांत लाथ मारायची मुभा मिळते, म्हणून माणसं एकमेकांच्या खांद्यावर गुडघा टेकवून उडी घेतात. ऑफसाइड नाही. चार डाव, आणि धावून धावून जीव जातो. १८५९ साली मेलबर्नमध्ये याचे पहिले नियम लिहिले गेले. क्रिकेटपटूंना हिवाळ्यात अंग हलतं ठेवता यावं, हा त्यामागचा एक हेतू. नियम एवढेच कळले तरी पुढचं कळेल.

आता तोब्रुक. १९४१ च्या एप्रिलमध्ये रोमेलच्या फौजांनी लिबियाच्या किनाऱ्यावरच्या या बंदराला वेढा घातला. आत मुख्यतः ऑस्ट्रेलियाची नववी डिव्हिजन होती. आपल्या अठराव्या कॅव्हलरीचे जवानही आत होते, हे आपण त्या भागात पाहिलंच. गाड्या बाजूला ठेवून पायदळासारखे मोर्चे सांभाळत होते ते. जर्मन प्रचाराच्या रेडिओनं आतल्यांना उंदीर म्हणून हिणवलं, तर त्यांनी तेच नाव छातीवर मिरवलं. त्या वेढ्यात ३१ जुलै १९४१ रोजी कॉर्पोरल रॉन बरॅसी धारातीर्थी पडला. होय, बापाचंही नाव रॉनच. वय २७. मेलबर्न क्लबसाठी तो ५८ सामने खेळला होता आणि १९४० च्या विजेतेपदात त्याचा वाटा होता. घरी बायको आणि पाच वर्षांचा मुलगा.

इथे मराठी माणसानं आणखी एक लक्षात ठेवावं. वेढा उठला, वर्ष उलटलं, आणि जून १९४२ मध्ये रोमेल परत आला. त्या वेळी तोब्रुकच्या आग्नेय कडेला जो मुख्य घाव बसला, तो मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या बटालियनवर बसला. २१ जूनला तोब्रुक पडलं आणि तीस हजारांहून जास्त माणसं कैदेत गेली. सातारा-कोल्हापूरकडच्या कित्येक घरांत 'तोब्रुक' हा शब्द त्यामुळे पोचला. बरॅसीच्या घरात तो त्याच्या आधी वर्षभर पोचला होता.

मुलगा वाढला तो फुटीच्या वेडात. पण त्या काळी खेळाडूनं कोणत्या क्लबकडून खेळायचं हे त्याच्या मर्जीवर नव्हतं, राहत्या पत्त्यावर होतं. शहराचे भाग क्लबांना वाटून दिलेले. पोरगा राहत होता शहराच्या उत्तरेला, म्हणजे कार्लटन नाहीतर कॉलिंगवूडच्या हद्दीत. मेलबर्न क्लबचं म्हणणं असं की याचा बाप आमच्या जर्सीत खेळला आणि रणात गेला, हा पोरगा आमचा. त्याच सुमारास एक नियम आला होता: बाप ज्या क्लबकडून खेळला, त्या क्लबकडून मुलाला पत्ता न पाहता खेळता येईल. 'फादर-सन रूल' म्हणतात त्याला. हा नियम बरॅसीसाठीच झाला, तोच पहिला, असं सर्रास सांगितलं जातं. दुसरा भाग खरा नाही. त्याच्या आधी कार्लटनच्या हार्वी डनला तो लागू झाला होता. पण लोकांनी नियम जोडला तो बरॅसीशीच, आणि तसं का झालं हे समजण्यासारखं आहे. डनला नियमानं जागा मिळाली. बरॅसीच्या बाबतीत एका माणसाचं देणं फेडलं जात होतं.

डेहराडूनच्या अकादमीतून बाहेर पडणाऱ्या कॅडेटला बापाची पलटण मागता येते. आम्ही त्याला 'पेरेंटल क्लेम' म्हणतो. मी पलटणीत असताना असा एक तरुण आमच्याकडे आला होता. त्याचा बाप त्याच पलटणीत असताना गेलेला. मेसमध्ये पहिल्या संध्याकाळी कुणी भाषण वगैरे केलं नाही. जुन्या सुभेदार साहेबांनी फक्त त्याच्या चालीकडे पाहिलं आणि म्हणाले, "तीच चाल आहे." त्यानंतर त्या पोरावर नजर ठेवायचं काम कुणी कुणाला सांगितलं नाही, आणि ते चुकलंही नाही. म्हणून मेलबर्नवाल्यांचा तो हट्ट वाचला तेव्हा मला समजावून घ्यावं लागलं नाही.

नियमानं क्लब मिळाला, पण घर कोण देणार? आईनं पुन्हा लग्न केलं आणि ती टास्मानियाला जायला निघाली. तेव्हा नॉर्म स्मिथ पुढे आला. हा बापाच्या शेजारी खेळलेला आणि १९५२ पासून मेलबर्नचा प्रशिक्षक. त्यानं पोराला आपल्या घराच्या परसातल्या खोलीत राहायला ठेवलं. घरी ताटाला ताट लावून जेवायचं आणि मैदानावर मात्र दुप्पट शिव्या खायच्या. ज्याला असा कमांडिंग ऑफिसर लाभला असेल त्याला हे बरोबर कळेल.

१९५३ मध्ये तो पहिला सामना खेळला. उंची मध्यम, म्हणजे चेंडूसाठी उंच उडणाऱ्या धिप्पाडांत बसेना, आणि त्यांच्या पायाशी चेंडू टिपणाऱ्या चपळ बुटक्यांतही शोभेना. स्मिथनं त्याला 'रक-रोव्हर' म्हणून दोघांच्या मध्ये मोकळा सोडला. जिथे चेंडू, तिथे हा. ती जागा त्यानं अशी गाजवली की पुढे प्रत्येक क्लबाला तसा माणूस लागू लागला. पाठीवर ३१, बापाचाच नंबर. १९५५, ५६, ५७, ५९, ६० आणि ६४ अशी सहा विजेतेपदं, त्यातली शेवटची दोन कर्णधार म्हणून. शहरातल्या पोरांच्या पाठीवर आयांनी शिवलेले ३१ दिसायचे.

आणि मग त्यानं क्लब सोडला. १९६४ चा अंतिम सामना मेलबर्ननं कॉलिंगवूडविरुद्ध चार गुणांनी जिंकला, आणि पुढच्या हंगामात तो कार्लटनचा कर्णधार-प्रशिक्षक झाला. आज खेळाडू क्लब बदलतात तेव्हा आपण बातमी सरकवून पुढे जातो. तेव्हा तसं नव्हतं. ज्याच्यासाठी नियमाचा आधार घेतला, ज्याला घरात वाढवलं, तोच पैसे आणि पद घेऊन शेजारच्या गल्लीत गेला, असं लोकांना वाटलं. पोरांनी पाठीवरचे ३१ उसवले, असं त्या पिढीचे लोक अजून सांगतात. पुढच्याच वर्षी मेलबर्ननं स्मिथला हंगामाच्या मध्यात काढून टाकलं. काही दिवसांत परत बोलावलं, पण काच तडकली ती तडकलीच. त्यानंतर मेलबर्नला विजेतेपद मिळायला ५७ वर्षं लागली.

त्यानं सोडलं ते बरोबर की चूक? मला विचाराल तर फौजेत नवी पलटण उभी करायची असते तेव्हा जुन्यांतले चांगले अधिकारी उचलूनच ती उभी करतात. गेलेला माणूस जुन्या पलटणीचा राहतोच. फरक एवढाच की आम्हाला हुकूम येतो आणि बरॅसीनं निर्णय स्वतः घेतला. नॉर्म स्मिथच्या सावलीत तो किती वर्षं राहणार होता? त्याला स्वतःची पलटण उभारायची होती आणि त्यानं ती उभारली. कार्लटन १९४७ पासून जिंकलं नव्हतं. १९६८ मध्ये जिंकलं.

पण चाहते बरॅसीचं नाव काढतात तेव्हा आधी १९७० आठवतं. अंतिम सामना, १,२१,६९६ प्रेक्षक, मध्यंतराला कार्लटन कॉलिंगवूडच्या ४४ गुण मागे. प्रशिक्षक असलेल्या बरॅसीनं आतल्या खोलीत सांगितलं की चेंडू लांब भिरकावू नका, मुठीनं जवळच्याला द्या, धोका पत्करा आणि धावत राहा. टेड हॉपकिन्स नावाच्या राखीव पोराला त्यानं आत घातलं, आणि त्यानं चार गोल मारले. कार्लटन दहा गुणांनी जिंकलं. मुठीचा पास तोपर्यंत अडचणीतून सुटायची युक्ती होती. त्या दुपारनंतर ते हल्ल्याचं हत्यार मानलं जाऊ लागलं. जाणकार म्हणतात की हा बदल आधीपासून होत होता, एका दुपारीत झाला नाही. असेल. पण शिकवण मैदानात कधी पोचली हे लोकांना आठवतं, ती कुठे जन्मली हे नाही.

पुढे नॉर्थ मेलबर्न. १९२५ पासून स्पर्धेत असून एकदाही न जिंकलेला, १९७२ मध्ये तळाला गेलेला क्लब. १९७३ मध्ये बरॅसी तिथे गेला आणि १९७५ मध्ये त्यांना पहिलं विजेतेपद मिळालं. १९७७ मध्ये अंतिम सामना बरोबरीत सुटला, पुढच्या शनिवारी पुन्हा खेळवला गेला, आणि तोही त्यांनी जिंकला. १९८१ मध्ये तो मेलबर्नला परतला. विजेतेपद काही आलं नाही, पण त्याच काळात आयर्लंडमधून पोरं आणून त्यांना हा खेळ शिकवायची कल्पना राबवली गेली. त्यांतला जिम स्टाइन्स पुढे १९९१ मध्ये स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. इयन टर्नर नावाचे एक इतिहासकार मेलबर्नमध्ये दर वर्षी 'रॉन बरॅसी स्मृती व्याख्यान' देत. तेव्हा बरॅसी धडधाकट होता, चाळिशीत होता! थट्टाच ती, पण प्रेमाची. १९७८ च्या व्याख्यानात टर्नरनी ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर एक काल्पनिक रेघ ओढली: दक्षिणेला आणि पश्चिमेला फुटी, उत्तरेला आणि पूर्वेला रग्बी. तिचं नाव 'बरॅसी रेषा', आणि आज अभ्यासक ते गंभीरपणे वापरतात. गंमत म्हणजे स्वतः बरॅसी १९९३ मध्ये ती रेघ ओलांडून सिडनीला गेला, तिथला बुडीत निघालेला क्लब सावरायला.

म्हातारपणीही तो नुसता पुतळा होऊन बसला नाही. २००६ च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या उद्घाटनात यारा नदीच्या पाण्यावरून चालल्यासारखा बॅटन घेऊन गेला. २००८ च्या शेवटच्या रात्री सेंट किल्डा भागात एका बाईला मारहाण होताना दिसली, तर हा ७२ वर्षांचा माणूस मध्ये पडला आणि स्वतः मार खाऊन आला. मेलबर्नचे लोक त्याचे गोल सांगता सांगता हे हमखास सांगतात.

२०२१ मध्ये मेलबर्न क्लब पुन्हा जिंकला, तेव्हा तो ८५ वर्षांचा होता. कोरोनामुळे सामना पर्थला झाला आणि ज्यांनी ५७ वर्षं वाट पाहिली ते आपापल्या घरांत टाळेबंदीत बसून होते. दोन वर्षांनी तो गेला तेव्हा मैदानाबाहेरच्या त्याच्या पुतळ्यापाशी लोक फुलं ठेवून गेले. १० नोव्हेंबर २०२३ रोजी त्याच मैदानावर शासकीय इतमामात स्मृतिसभा झाली.

त्या फादर-सन नियमाचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. तो अजून आहे, फक्त अट कडक झाली आहे. आता बापानं त्या क्लबसाठी किमान १०० सामने खेळलेले असावे लागतात. थोरला बरॅसी ५८ वर थांबला होता.