शाळेला सुट्टी, सूर्याला नाही

फेब्रुवारी संपत आला की खेड्यातल्या लहान शाळेचा सूचनाफलक भरू लागतो. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन, मग तोंडी परीक्षा, गुढीपाडव्याची सुट्टी, एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा, १ मे रोजी ध्वजवंदन आणि त्यानंतर मोठी सुट्टी. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड तालुक्यांतल्या पाचवी ते आठवीच्या शाळांचा वसंत ऋतूतील कार्यक्रमही साधारण असाच असतो. मात्र एक बातमी या फलकावर सहसा दिसत नाही. ती अशी : मे महिन्याच्या मध्यावर एके दिवशी भर दुपारी शाळेच्या ध्वजस्तंभाची सावली नाहीशी होणार आहे!

बातमी फलकावर नसण्याचे कारण सोपे आहे. त्या दिवशी शाळा बंद असते. दौंडला हा दिवस १३ किंवा १४ मे रोजी येतो आणि शिरूरला १५ मेच्या सुमारास. हीच घटना जुलैच्या २९-३० तारखांच्या आसपास पुन्हा घडते. तेव्हा शाळा भरलेली असते, पण आकाशही ढगांनी भरलेले असते. दोन्ही गावे पर्जन्यछायेच्या प्रदेशात असल्याने पाऊस बेताचा. तरी ढग काही सूर्याला वाट करून देत नाहीत.

म्हणजे ज्या शाळेत प्रयोगशाळा नाही, दुर्बीण नाही, तिच्या अंगणात फुकट होणारा हा सुंदर प्रयोग दरवर्षी वाया जायचा काय? विद्यार्थी मित्रांनो, तसे होण्याचे कारण नाही. सुट्टी ही या प्रयोगातील अडचण नसून सोय आहे, हे आपण आता पाहू.

सूर्याची उत्तरेकडील वाटचाल

पृथ्वीचा आस तिच्या कक्षेच्या पातळीला काटकोनात नसून सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. त्यामुळे २० किंवा २१ मार्चला सूर्य विषुववृत्तावर बरोबर डोक्यावर येतो आणि २१ जूनच्या सुमारास कर्कवृत्तावर. या तीन महिन्यांत तो मधल्या प्रत्येक अक्षांशाला एकेक दिवस भेट देत उत्तरेकडे सरकतो. शिरूर सुमारे १८.८३ अंश उत्तर अक्षांशावर आहे, दौंड १८.४६ अंशांवर. सूर्य ज्या दिवशी तितका उत्तरेला पोचतो, त्या दिवशी मध्यान्ही तो तेथे थेट खमध्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली खांबाच्या पायाशीच पडते. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेस आहे. म्हणून तेथे असा दिवस कधीच येत नाही.

ही वाटचाल एकसारख्या वेगाने होत नाही. मार्चच्या विषुवदिनाजवळ सूर्य रोज सुमारे ०.४ अंश सरकतो. जमिनीवर मोजले तर हे अंतर सुमारे ४४ कि.मी. होते. मेच्या मध्यावर तो रोज सुमारे २६ कि.मी.च सरकतो आणि २१ जूनजवळ जवळजवळ थबकतो. भीमेकाठचे दौंड आणि घोडनदीकाठचे शिरूर यांच्यामधील दक्षिणोत्तर अंतर सुमारे ४१ कि.मी. आहे. तेव्हा मे महिन्यात दौंडहून शिरूरला यायला सूर्याला दीड दिवस लागतो!

पहिले काम मार्च महिन्याचे

मे दूर असला तरी मार्चमध्ये शाळा चालू असते. तेव्हा तयारी तिथूनच करावी. एक मीटर लांबीची सरळ काठी अंगणात उभी करा. ती उभी आहे की नाही हे गवंड्याच्या ओळंब्याने पाहा. सावली ज्या पाटावर किंवा फरशीवर पडणार, तिच्यावर एक गोटी ठेवा. गोटी कोणत्याही बाजूला घरंगळली नाही, तर पाट सपाटीत आहे असे समजा.

आता सावली कधी मोजायची? ‘दुपारी बारा वाजता’ असे उत्तर द्याल तर चुकाल. आपली घड्याळे साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची वेळ दाखवतात आणि शिरूर त्याच्या आठ अंश पश्चिमेस आहे. दर अंशाला चार मिनिटे याप्रमाणे मध्यान्ह बत्तीस मिनिटे उशिरा होते. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार व आस कललेला असल्याने ऋतूप्रमाणे आणखी काही मिनिटांचा फरक पडतो. विषुवदिनी शिरूरला मध्यान्ह सुमारे १२ वाजून ४० मिनिटांनी होते, तर मेच्या मध्यावर १२ वाजून २९ मिनिटांनी. दौंडला दोन्ही वेळा जेमतेम एक मिनिट अगोदर.

घड्याळ नसले तरी अडत नाही. काठीभोवती एक वर्तुळ काढा. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला जेथे स्पर्श करते तेथे खूण करा. दुपारनंतर ते पुन्हा जेथे स्पर्श करते तेथे दुसरी खूण करा. दोन खुणांना जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते व तिला काठीपासून काढलेला लंब दक्षिणोत्तर. ही पद्धत आपल्याकडे कात्यायन शुल्बसूत्रात सांगितलेली आहे. दुसऱ्या दिवशी सावली त्या लंबावर आली की मध्यान्ह झाली.

विषुवदिनी मध्यान्ही शिरूरला एक मीटर काठीची सावली सुमारे ३४.१ से.मी. भरेल, दौंडला सुमारे ३३.४ से.मी. सावलीची लांबी भागिले काठीची लांबी हे गुणोत्तर म्हणजे एका कोनाची स्पर्शज्या (टॅन). कोष्टकात तो कोन पाहिला की आपल्या गावाचा अक्षांश मिळाला. सूर्य विषुववृत्त ओलांडतो तो क्षण नेमका आपल्या मध्यान्हीच येतो असे नाही. म्हणून उत्तरात पाव अंशापर्यंत फरक पडू शकतो. पण एवढ्या साध्या काठीने आपण नकाशात आपले घर शोधले, हे काय थोडे झाले?

दोन शाळा आणि एक पृथ्वी

इसवी सनापूर्वी सुमारे २४० मध्ये इजिप्तमधील एराटोस्थेनिस याने दोन गावांच्या सावल्यांवरून पृथ्वीचा परीघ काढला. दक्षिणेकडील सायीनी गावी ज्या दिवशी मध्यान्हीचा सूर्य डोक्यावर असतो, त्याच दिवशी अलेक्झांड्रियात तो खमध्यापासून वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका, म्हणजे ७.२ अंश, कललेला असतो. म्हणून पृथ्वीचा परीघ या दोन गावांमधील अंतराच्या पन्नासपट, असे त्याने सांगितले.

शिरूर आणि दौंड येथील दोन शाळांनी हेच केले तर? कोनांतील फरक ०.३७ अंश. ३६० भागिले ०.३७ म्हणजे सुमारे ९७३. याला ४१ कि.मी.ने गुणले की सुमारे ३९,९०० कि.मी. मिळतात. ध्रुवांवरून जाणारा पृथ्वीचा परीघ ४०,००८ कि.मी. आहे. मात्र ४१ कि.मी. हे अंतर रस्त्याचे घेऊ नका. रस्ता वळणे घेत जातो. नकाशावर दोन्ही गावांतून पूर्व-पश्चिम रेषा काढा आणि त्यांच्यामधील उभे अंतर नकाशाच्या प्रमाणावरून मोजा.

कागदावर हे सोपे वाटते. खरी परीक्षा अंगणात होते. दोन सावल्यांतील फरक किती? अवघा ७ मि.मी.! आणि सावलीचे टोक तर रेखीव नसतेच. सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे. तिच्या एका कडेचा प्रकाश अडला तरी दुसऱ्या कडेचा येत राहतो. त्यामुळे एक मीटर उंचीवरच्या टोकाची सावली सुमारे १ से.मी. रुंद पट्ट्यात हळूहळू फिकट होत जाते. मोजायचे ७ मि.मी. आणि धूसरपणा १० मि.मी.! काठी दुप्पट लांब केली तर फरक दुप्पट होतो, पण धूसर पट्टाही दुप्पट होतो.

यावर उपाय आहे. काठीऐवजी सूचिछिद्र वापरा. जाड पुठ्ठ्याला सुमारे ३ मि.मी. व्यासाचे छिद्र पाडा आणि तो पुठ्ठा दोन मीटर उंचीवर, व्हरांड्याबाहेर काढलेल्या पट्टीला आडवा बसवा. छिद्रातून ओळंबा सोडून जमिनीवर पायाची खूण करा. मध्यान्ही पुठ्ठ्याच्या सावलीत सूर्याची सुमारे २ से.मी.ची उजळ गोल प्रतिमा दिसेल. तिच्या कडा धूसर असल्या तरी मध्यबिंदू एक मिलिमीटरपर्यंत अचूक सापडतो. पायाच्या खुणेपासून मध्यबिंदूचे अंतर हीच आपली ‘सावली’. आता दोन गावांतील फरक १४ मि.मी. येईल. दोन्हीकडे मिलिमीटरभर चूक झाली आणि दोन्ही चुका विरुद्ध दिशांना पडल्या, तर परीघ ३५,००० ते ४६,००० कि.मी.च्या दरम्यान कोठेही येऊ शकेल. आठ-दहा दिवस मोजून सरासरी घेतली की ही अनिश्चितता कमी होते.

मात्र दोन्ही शाळांनी मोजमाप एकाच दिवशी केले पाहिजे. समजा, दौंडच्या मुलांनी २० मार्चला सावली मोजली आणि शिरूरच्या मुलांनी २१ मार्चला. त्या एका दिवसात सूर्य ४४ कि.मी. उत्तरेकडे सरकला, म्हणजे दौंड-शिरूर अंतराहून किंचित जास्तच. दोन्ही सावल्या जवळजवळ सारख्या येतील आणि पृथ्वी चक्क सपाट ठरेल! उलट शिरूरने आधी आणि दौंडने दुसऱ्या दिवशी मोजले, तर कोन दुप्पट होऊन पृथ्वी निम्म्या आकाराची निघेल. तारखेची नोंद ही प्रयोगातील शिष्टाचाराची बाब नव्हे. सारे उत्तरच तिच्यावर उभे असते.

मामाच्या गावाचा अक्षांश

आता सुट्टीकडे वळू. जुन्नर तालुक्यात खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तेथे विज्ञान दिनानिमित्त प्रदर्शन भरते व शाळांतील विद्यार्थी आपले प्रयोग मांडतात. ज्यांनी ते पाहिले असेल, त्यांना आठवेल की ही दुर्बीण म्हणजे एक तबकडी नाही. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ कि.मी. परिसरात विखुरलेल्या आहेत. त्या दूरदूर असल्यामुळेच एकत्रितपणे मोठ्या दुर्बिणीसारखे बारकावे टिपतात.

मे महिन्यात लहान शाळेचेही असेच होते. चाळीस मुलांचा वर्ग विखुरतो. कोणी आजोळी कोकणात जाते, कोणी मामाकडे खानदेशात, कोणी सोलापूरला आत्याकडे. शाळा भरलेली असताना जो पट एकाच अक्षांशावर बसतो, तो सुट्टीत पाच अंशांवर पसरतो. शून्य सावलीचा दिवस निरनिराळ्या ठिकाणी साधारण असा येतो : सावंतवाडी ३-४ मे, कोल्हापूर ६-७ मे, सातारा व सोलापूर १०-११ मे, पुणे व दौंड १३-१४ मे, शिरूर १५ मे, अहिल्यानगर १६-१७ मे, नाशिक २०-२१ मे, जळगाव २५-२६ मे. वर्षागणिक एखाद्या दिवसाचा फरक पडतो. लगतच्या दोन दिवसांत मीटरभर काठीची सावली फक्त ४ मि.मी.ने बदलते, म्हणून ओळीने तीन दिवस नोंद घ्यावी.

त्याहून चांगली गंमत एकाच दिवशी पाहता येईल. १५ मे हा दिवस सर्वांनी ठरवून घ्या. त्या दिवशी मध्यान्ही शिरूरला सावली जवळजवळ नसेल. जळगावला मीटरभर काठीची सावली सुमारे ३.८ से.मी. उत्तरेकडे पडेल. आणि सावंतवाडीला? ती सुमारे ५.१ से.मी. दक्षिणेकडे पडलेली दिसेल! सावली नेहमी उत्तरेलाच पडते, असे ज्यांना वाटते त्यांना ही नोंद दाखवावी. जळगाव व सावंतवाडी यांच्यामधील कोन ५.१ अंश आणि दक्षिणोत्तर अंतर सुमारे ५६५ कि.मी. शिरूर-दौंडचे ७ मि.मी. येथे ८९ मि.मी. झाले. म्हणजे दोन मिलिमीटर चुकले तरी परिघाच्या उत्तरात शंभरात दोन-तीनच भागांचा फरक पडेल. काठी किती लांब हे महत्त्वाचे नाही, कारण आपल्याला गुणोत्तर हवे आहे. अर्ध्या मीटरची काठीही चालेल. फक्त तिची लांबी लिहून ठेवा.

दोन सूचना ध्यानात असू द्या. सूर्याकडे किंवा सूचिछिद्रातून वर कधीही पाहू नका. आपले काम जमिनीवरच्या सावलीशी आहे. आणि मेच्या दुपारी उन्हात दहा मिनिटांपेक्षा अधिक थांबू नका. डोक्यावर टोपी, जवळ पाणी आणि सोबत घरचे कोणी मोठे माणूस असावे.

शिक्षकांनी निकालाच्या दिवशी प्रत्येक मुलाच्या हाती एक कार्ड द्यावे. त्यावर रकाने पाच : गाव, तारीख, मध्यान्हीची वेळ, काठीची लांबी, सावलीची लांबी व दिशा. जूनमध्ये शाळा उघडली की सारी कार्डे गोळा करावी, गावे नकाशावर मांडावी आणि पृथ्वीचा परीघ फळ्यावर मुलांकडूनच काढून घ्यावा. उत्तर ४०,००० ऐवजी ३८,००० आले तरी ते पुसू नका. चूक कोठून आली असेल, ओळंबा हलला, पाट कललेला होता, की वेळ टळून गेली, याचा शोध हा त्या वर्षाचा पहिला विज्ञानाचा तास ठरेल. आणि जुलैअखेरीस सूर्य दक्षिणेकडे परतताना शिरूर-दौंडवर पुन्हा येईल, तेव्हा काठी अंगणात उभी असू द्या. ढग दहा मिनिटे बाजूला झाले तरी पुरे.