‘हॉल’ म्हणजे नेमके काय?

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या, की नंदुरबार जिल्ह्यात शहाद्यापासून धडगावपर्यंत एकच विचारणा ऐकू येते, ‘हॉल तिकीट आले का?’ मंडळाच्या भाषेत ते प्रवेशपत्र. त्यातला ‘हॉल’ बहुधा भव्य नसतोच. बाके लांब-लांब मांडलेला शाळेचा नेहमीचाच वर्ग असतो तो.

घरी आल्यावर हाच शब्द वेगळा अर्थ धारण करतो. ‘वन बीएचके’मधला हॉल म्हणजे बैठकीची खोली. ओसरी, माजघर आणि दिवाणखाना या तिन्ही शब्दांना त्याने मागे सारले आहे. (दिवाणखाना तरी कुठे अस्सल मराठी? तो फारसीतून आला.) आणि ‘मे महिन्यासाठी हॉल ठरवला’ असे कोणी म्हटले, की ते मंगल कार्यालयच, हे वेगळे सांगावे लागत नाही.

पंचाईत होते ती इंग्रजी वाचताना. ‘हॉलच्या शेवटी डावीकडची खोली’ या वाक्यातला हॉल, विशेषतः अमेरिकेत, बैठकीची खोली नसून बोळासारखी मधली वाट असते. विद्यापीठाच्या पत्रात ‘हॉल’ मिळाल्याचे कळवले असेल, तर ते सभागृह नव्हे, वसतिगृह. इंग्लंडमध्ये एखाद्या जुन्या वाड्याच्या नावापुढे हॉल आला, तर तो संपूर्ण वाडाच. मुंबईचा टाउन हॉल ही १८३३ मध्ये पूर्ण झालेली, एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय असलेली वास्तू. परंतु अमेरिकी पुढारी ‘टाउन हॉल’ घेतो, तेव्हा तो नागरिकांशी थेट संवाद साधत असतो. कोशातला पहिलाच अर्थ उचलणारा विद्यार्थी येथे हमखास फसतो.

या साऱ्या अर्थांचे मूळ एकच. प्राचीन इंग्लंडमध्ये सरदाराचे मोठे, एकदालनी घर म्हणजे हॉल. जेवण, न्यायनिवाडा, निद्रा, सारे तेथेच. पुढे स्वतंत्र खोल्या निघाल्या आणि दाराआतली वाट तेवढी या नावाला उरली. ‘झाकणे’ या अर्थाच्या ज्या आदिम धातूपासून हा शब्द आला, त्याच धातूशी संस्कृत ‘शाला’चे नाते भाषाशास्त्रज्ञ जोडतात. म्हणजे हॉल आणि आपली शाळा ही दूरची भावंडेच.

जागेअभावी दिवसा वर्ग आणि रात्री त्याच खोलीत अंथरुणे, अशी पाळी आदिवासी भागातील अनेक आश्रमशाळांवर आली आहे. हॉलचा सर्वांत जुना अर्थ तेथे, नाइलाजाने का होईना, जसाच्या तसा लागू पडतो.