अंटार्क्टिकाची वाट

डॉ. सय्यद झहूर कासीम यांच्या नेतृत्वाखाली भारताचे पहिले शास्त्रीय पथक ६ डिसेंबर १९८१ रोजी भाडेपट्ट्याने घेतलेल्या ‘पोलर सर्कल’ या नॉर्वेजियन जहाजातून गोव्याहून निघाले, आणि दक्षिणेस चाळिसाव्या अक्षांशापलीकडे, जेथे वाऱ्यास अडवावयास भूमी फारशी उरत नाही, तो खवळलेला सागर ओलांडून ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरले.

आज भारतीय मोहिमांचे बहुतेक सदस्य औली येथील बर्फातील सराव आटोपून केपटाऊनहून मालवाहू इल्युशिन विमानाने जातात. हा प्रवास सुमारे सहा तासांचा. मात्र सुटण्याची वेळ ठरविण्याचा अखत्यार सर्वस्वी तिकडील हवामानाकडे! विमानात खिडक्या जवळजवळ नाहीत, यंत्रांचा घरघराट एवढा की कानांत बोळे घालावे लागतात, आणि जाडजूड ध्रुवीय पोशाख उतरण्यापूर्वीच अंगावर चढवावा लागतो, कारण धावपट्टी म्हणजे निव्वळ निळसर बर्फ.

इंधन व अवजड सामान अद्यापि जहाजानेच जाते, आणि हिमकड्यापासून भारताच्या ‘मैत्री’ केंद्रापर्यंतची सुमारे १०० किलोमीटरची मजल पट्ट्यांवर चालणाऱ्या गाड्यांचा ताफा मारतो. परतताना कचराही लादून आणावा लागतो. अंटार्क्टिकाच्या पर्यावरणरक्षणासाठी झालेल्या १९९१ च्या माद्रिद करारनाम्याची ती अट आहे, आणि मला तरी ती सर्वस्वी रास्त वाटते.