औषधाला न जुमानणारा नायटा

पावसाळा सुरू झाला की त्वचारोगतज्ज्ञांकडे खाजेच्या रुग्णांची गर्दी वाढते. जांघेत, कमरेभोवती, काखेत किंवा स्तनांखाली गोल चट्टा उठतो. त्याची कड लाल व उंचावलेली असते, मधला भाग बरा झाल्यासारखा दिसतो आणि खाजेने जीव हैराण होतो. यालाच आपण नायटा किंवा गजकर्ण म्हणतो. पूर्वी हा अगदी किरकोळ आजार समजला जाई. दोन-तीन आठवडे मलम लावले की तो जात असे. परंतु गेल्या दहा-बारा वर्षांत चित्र पालटले आहे. महिनोन्‌महिने औषध घेऊनही चट्टे जात नाहीत, गेले तरी परत येतात आणि एकाच घरातील चार-पाच माणसे एकाच वेळी खाजवताना दिसतात. असे का झाले, याचे उत्तर शास्त्रज्ञांना बुरशीच्या जनुकांमध्ये सापडले आहे.

नायटा कशामुळे होतो?

नायटा रक्तातील दोषामुळे किंवा 'उष्णतेमुळे' होत नाही. तो बुरशीमुळे होतो. भाकरीवर येणारी, लोणच्यावर धरणारी, भातावर करपा आणि द्राक्षावर भुरी आणणारी, ही सारी बुरशीचीच निरनिराळी रूपे आहेत. बहुतेक बुरशी पालापाचोळा, लाकूड, धान्य यांवर जगतात. नायट्याची बुरशी मात्र कातडी, केस व नखे यांतील केराटिन नावाच्या कठीण प्रथिनावर जगते.

प्रत्येक सजीवाच्या पेशीत त्याच्या जडणघडणीच्या सूचना लिहिलेल्या असतात. या सूचनांच्या संपूर्ण पोथीला जनुकसंच म्हणतात. दारू व पाव यांसाठी वापरल्या जाणाऱ्या यीस्टचा जनुकसंच १९९६ साली पूर्ण वाचून झाला. २०११ साली नायट्याच्या दोन बुरशींची पोथी वाचली गेली. तीत सव्वादोन कोटींच्या आसपास अक्षरे आणि सुमारे आठ हजार जनुके आढळली. प्रथिने पचवणारे रस तयार करणारी जनुके तीत भरपूर आहेत, पण झाडपाला कुजवणारी जनुके फार थोडी. म्हणजे या बुरशीने रानातला संसार आवरून आपल्या कातडीवर बिऱ्हाड थाटले आहे.

जनुकांच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. बुरशी ही वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या अधिक जवळची आहे! तिच्या पेशींची रचना आपल्या पेशींशी बरीच मिळतीजुळती असते. म्हणून बुरशीला मारेल पण माणसाला इजा करणार नाही असे औषध शोधणे कठीण जाते. अशी औषधे मोजकीच आहेत आणि जी आहेत ती जपून वापरणे भाग आहे.

औषध का चालेनासे झाले?

बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. तो आपल्या शरीरात नसतो, आपल्याकडे त्या जागी कोलेस्टेरॉल असते. टर्बिनाफिन हे औषध एर्गोस्टेरॉल तयार करणाऱ्या एका प्रथिनाला चिकटून त्याचे काम बंद पाडते. त्यामुळे बुरशी मरते.

भारतात पसरलेल्या नायट्याच्या बुरशीची तपासणी केली असता, तिच्यातील पुष्कळ नमुन्यांत याच प्रथिनाच्या साखळीतील एक मणी बदललेला आढळला. बहुधा हा मणी ३९३ किंवा ३९७ क्रमांकाचा असतो. पोथीतील एका अक्षराचा हा फरक! पण तेवढ्याने औषध प्रथिनाला नीट चिकटत नाही आणि बुरशी मजेत वाढत राहते. २०२० साली जपानमधील संशोधकांनी या बुरशीला 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनिई' असे नाव दिले. त्यात भारताचे नाव गुंफलेले आहे, ही काही अभिमानाची बाब नव्हे. आज ही बुरशी अनेक देशांत पोचली आहे. अमेरिकेतील पहिल्या दोन रुग्णांची नोंद २०२३ साली न्यूयॉर्कमधून झाली.

असे बदल बुरशीत अधूनमधून आपोआप होत असतात. पण औषध अपुरे घेतले, की कमजोर बुरशी मरते आणि चिवट तेवढी मागे राहते. पुढे तिचाच वंश वाढतो. शेतात एकच तणनाशक वर्षानुवर्षे मारले की न मरणारे तणच शिल्लक राहते, तसाच हा प्रकार.

मिश्र मलमांचा धोका

आपल्याकडे खाज सुटली की दुकानातून एखादी ट्यूब आणण्याची सवय आहे. यांतील कित्येक मलमांत बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोनसारखे तीव्र स्टिरॉइड एकत्र असते. स्टिरॉइडने दोन दिवसांत खाज व लाली कमी होते आणि रुग्णाला वाटते, गुण आला. प्रत्यक्षात त्वचेची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी आत आत पसरते. चट्ट्याचे रूप इतके बदलते की डॉक्टरांनाही ओळखणे अवघड व्हावे. जांघेतील त्वचा पातळ होऊन तिच्यावर कायमचे वळ उमटतात. स्टिरॉइड आणि अनियंत्रित मधुमेह एकत्र आले की बुरशीचे किती फावते, हे २०२१ साली म्युकरमायकोसिसच्या साथीत आपण पाहिलेच आहे. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. पण घेणाऱ्यानेच मागितली नाहीत तर नियमाचा खरा उपयोग!

शेत आणि गोठा

टर्बिनाफिन चालेनासे झाल्यावर डॉक्टर बहुधा इट्राकोनाझोलचा आधार घेतात. हे अ‍ॅझोल कुळातील औषध आहे. द्राक्षावरील भुरीसाठी बागायतदार जे हेक्झाकोनाझोल फवारतात, तेही याच कुळातले. दोन्ही औषधे बुरशीत एकाच ठिकाणी काम करतात. फुप्फुसाला ग्रासणाऱ्या अ‍ॅस्परजिलस या बुरशीत तर अ‍ॅझोलला दाद न देणारे प्रकार आढळले आहेत. हे औषध कधीही न घेतलेल्या रुग्णांतही ते सापडले. शेतातील फवारणीतून ते निपजले असावेत, असे तज्ज्ञ मानतात. म्हणून फवारणीही शिफारशीनुसार आणि औषधे आलटून पालटून करावी.

नायटा जनावरांनाही होतो. वासरांच्या डोळ्यांभोवती व तोंडावर करड्या, खरखरीत खपल्यांचे चट्टे दिसले तर ते हाताळल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवावेत आणि पशुवैद्यकाला दाखवावे. केस गळालेल्या मांजराच्या किंवा कुत्र्याच्या पिलाला लहान मुलांनी कुशीत घेऊ नये. मात्र सध्याचा हा चिवट नायटा मुख्यतः माणसाकडूनच माणसाला होतो, हे विसरू नये.

काय काळजी घ्यावी?

* स्वतःच्या मनाने मलम लावू नये. चट्ट्याची थोडी खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की बुरशी आहे की नाही ते कळते.
* औषध डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यावे. पुष्कळदा सहा-आठ आठवडे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. खाज थांबली म्हणजे रोग गेला असे नव्हे.
* इट्राकोनाझोल इतर काही औषधांबरोबर चालत नाही. हृदयविकार, यकृताचा विकार किंवा गर्भारपण असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.
* मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटे अंतरापर्यंत लावावे.
* घरात ज्यांना ज्यांना चट्टे असतील त्या सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत.
* टॉवेल, साबण, अंथरूण, आतले कपडे वेगळे ठेवावेत. ते गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. ओलसर कपडे घालू नयेत.
* आंघोळीनंतर जांघा, काखा कोरड्या कराव्यात. कपडे सैल व सुती असावेत.
* लसूण चोळू नये. त्याने कातडी भाजते.
* नायटा वारंवार होत असेल तर रक्तातील साखर तपासून घ्यावी.

बरेच दिवस स्टिरॉइडचे मलम लावलेले असेल, तर ते बंद केल्यावर काही दिवस खाज व लाली वाढू शकते. त्यामुळे घाबरून पुन्हा तीच ट्यूब हाती घेऊ नये. ती डॉक्टरांना नेऊन दाखवावी. नायट्याने जीव जात नाही, पण झोप जाते, कामावरचे लक्ष उडते आणि लाजेपायी माणूस चारचौघांत बसेनासा होतो. बुरशीवरची औषधे थोडीच आहेत. ती आज नीट वापरली तरच उद्या आपल्या मुलाबाळांच्या उपयोगी पडतील.