दहा लिटरची अंघोळ आणि टाक्यातला फेस

डिसेंबरातली सकाळ, हरिश्चंद्रगड. पाण्याच्या टाक्याच्या काठावर विशीतला एक मुलगा डोक्याला शाम्पू चोळत बसला होता. मी हटकलं तर त्याने बाटलीच पुढे केली. ‘‘काका, वाचा ना, निसर्गात विरघळणारा आहे.’’ त्याने चार मगे पाणी डोक्यावर घेतलं आणि फेस ओघळून टाक्यात उतरला. तिथून तो कोपऱ्यात सरकला आणि थांबला. आम्ही पोहे केले, खाल्ले, तंबू आवरले, तरी तो कोपऱ्यातच होता.

गंमत म्हणजे त्याच्या सॅकला उन्हात पाणी तापवायची, शॉवरची नवीकोरी काळी पिशवी लटकत होती. ती का नाही वापरली? ‘‘त्याला फार पाणी लागतं, आणि थंडीत ते तापतही नाही.’’ एका वाक्यात दोन गैरसमज! कॅम्पिंगला जाणाऱ्यांशी बोलताना असे आणखी बरेच सापडतात.

पहिला हिशोब पाण्याचा. घरच्या शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सहज जातं. टांगायच्या पिशवीच्या बारीक तोटीतून साधारण दीड-दोन लिटरच येतं. अंग ओलं करायचं, तोटी बंद करायची, साबण लावायचा, पुन्हा तोटी उघडून धुवायचं. एवढ्याला पाचेक लिटर पुरतात, म्हणजे १० लिटरच्या पिशवीत दोघांची अंघोळ उरकते. लांब केस धुवायचे असतील तर मात्र अख्खी पिशवी एकटीला लागेल. पाणी वाचतं ते तोटी मधे बंद केल्यामुळे, त्यात यंत्राची काही जादू नाही. दोन तांब्यांत अंघोळ उरकणाऱ्या आपल्या आज्यांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

आता तापण्याचं. ‘कडक ऊन असेल तरच पाणी तापतं’ हे अर्धसत्य आहे. १० लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला पाव युनिटहून थोडी कमी ऊर्जा लागते. १५०० वॅटचा रॉड ते काम नऊ-दहा मिनिटांत करतो. अर्धा मीटर लांब आणि ४० सेंटिमीटर रुंद पिशवीवर आपल्याकडे निरभ्र दुपारी, हिवाळ्यातसुद्धा, दीडेकशे वॅट ऊन पडतं. त्यातलं थोडं वाया गेलं तरी दोन-तीन तासांत अंघोळीपुरतं पाणी होतं. अट एवढीच की पिशवी झाडाला टांगून ठेवायची नाही. दक्षिणेला उतरता, वाऱ्याच्या आड असलेला कातळ शोधायचा आणि त्याच्यावर ती आडवी पसरायची. एक बाजू पारदर्शक असेल तर ती वर ठेवायची.

खरी अडचण आपल्या सवयीची आहे. अंघोळ सकाळीच व्हायला हवी, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. दुपारी तापवलेलं पाणी लोक सकाळसाठी राखून ठेवतात, मग गार पडलं म्हणून पिशवीला नावं ठेवतात. डोंगरावर अंघोळ चारच्या सुमाराला उरकावी. पाणी कोमट असतं, अंग उन्हात वाळतं आणि घामट अंगाने स्लीपिंग बॅगमध्ये शिरावं लागत नाही.

एप्रिल-मेमध्ये मात्र उलटी काळजी घ्यावी लागते. भर दुपारी विसरलेल्या पिशवीतलं पाणी ५० अंशांपलीकडे जाऊ शकतं, आणि तेवढं पाणी भाजतं. बाळाच्या अंघोळीचं पाणी जसं कोपर बुडवून बघतात, तसं आधी चार थेंब कोपरावर घ्यावेत आणि विसणाला गार पाणी जवळ ठेवावं.

पिशवी उंच टांगली की धार जोरात येते, या समजुतीत तथ्य आहे, पण फार थोडं. एका मीटर उंचीमागे दाब जेमतेम ०.१ बार वाढतो. त्यासाठी १० किलोचं ओझं डोक्यावर कुठल्यातरी वाळक्या फांदीला टांगण्यात शहाणपण नाही. जोराची धारच हवी असेल तर बादलीत सोडायचा चार्जिंगचा पंप मिळतो, किंवा हाताने हवा भरायचा फवारणीचा पंपही चालतो. पण तो कोरा हवा. औषध फवारलेला पंप कितीही धुतला तरी अंघोळीला घ्यायचा नाही.

आता त्या मुलाच्या बाटलीकडे येऊ. ‘विघटनशील’ याचा अर्थ ‘पाण्यात टाकला तरी चालेल’ असा होत नाही. साबणाचं विघटन जिवाणू करतात, त्याला वेळ लागतो, आणि हे काम मातीत जितकं चांगलं होतं तितकं साठलेल्या पाण्यात होत नाही. त्यातही गडावरचं टाकं म्हणजे नदी नव्हे. कातळात खोदलेल्या त्या हौदात पावसाचं पाणी साठतं आणि पुढच्या जूनपर्यंत बहुतेक टाक्यांत नवं पाणी येत नाही. डिसेंबरात त्यात उतरलेला शाम्पू वाहून जायला वाटच नसते. आणि तेच पाणी गडावरचे झोपडीवाले चहाला घेतात, आपणही बाटलीत भरतो.

यावर हुशार मंडळींचं एक उत्तर ठरलेलं असतं, ‘‘मी तर रिठा वापरतो.’’ रिठा माझाही आवडता आहे, पण नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असं नाही. रिठ्याला फेस येतो तो त्यातल्या सॅपोनिनमुळे, आणि सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना घातक असतं. गेळाचं फळ कुटून पाण्यात टाकायचं आणि गुंगलेले मासे धरायचे, ही मासेमारीची जुनी रीत याच गुणावर चालते. तेव्हा शाम्पू असो, रिठा असो की उटणं, नियम एकच. पाणी भरून घ्यायचं, टाकं, ओढा किंवा तळ्यापासून ६० मीटर, म्हणजे सत्तर-ऐंशी पावलं लांब जायचं, आणि माती असेल तिथे अंघोळ करायची. सांडपाणी एका जागी साचू न देता पसरू द्यायचं. शॉवरची पिशवी कामाला येते ती इथे. तिच्यामुळे अंघोळ पाण्यापासून लांब नेता येते.

‘मी साबण लावतच नाही, नुसती डुबकी मारतो’ असं म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या अंगावर दिवसभरात काय काय चोपडलं ते आठवावं. सनस्क्रीन, डासांचं मलम, केसांचं तेल आणि वर घाम. हे सगळं पहिल्याच डुबकीत पाण्यात जातं. भरल्या, वाहत्या नदीला ते कदाचित जाणवणार नाही, पण खोलीएवढ्या टाक्याला जाणवतं.

ओल्या टिश्यूंवरही लोकांचा फार भरवसा असतो. त्या कागदासारख्या दिसतात, पण अनेकांत प्लॅस्टिकचे धागे असतात. पुरल्या तर तशाच राहतात आणि जाळल्या तर धूर करतात, म्हणून वापरलेल्या टिश्यू पिशवीत घालून घरी आणायच्या. सॅनिटायझरने मळ निघत नाही, आणि पोट बिघडवणाऱ्या काही विषाणूंवर त्याचा फारसा परिणामही होत नाही. शौचाहून आल्यावर हात साबणानेच धुवायचे. शॉवरच्या पिशवीतलं उरलेलं पाणी पिऊ नये, चूळही भरू नये. उबदार, बंद पिशवीत जिवाणू वाढतात. घरी आल्यावर ती धुऊन, उलटी टांगून कोरडी केल्याशिवाय घडी घालू नका.

आणि दोन रात्रींच्या मुक्कामात रोज डोक्यावरून अंघोळ हवीच, असंही नाही. ट्रेकमध्ये त्रास होतो तो पावलं, बोटांच्या बेचक्या, काखा आणि जांघांना. तिथे घाम साचतो, कातडी सोलवटते आणि नायटा धरतो. तेवढं धुवायला दीड-दोन लिटर पाणी पुरतं. त्याहून महत्त्वाचं काम पंचाचं आहे. ओल्या जांघांवर तसेच कपडे चढवण्यापेक्षा कोरडं पुसून कोरडे मोजे आणि कोरडी चड्डी घातलेली बरी, मग अंघोळ राहिली तरी चालेल. कावळ्याची अंघोळ म्हणून कुणी हसलं तर हसू द्या.

तळ्याकाठी तंबू ठोकणाऱ्यांना वाटतं की एवढ्या मोठ्या जलाशयात आपल्या एका साबणाने काय होणार. तंबूंची गर्दी म्हणून सगळ्यांना ठाऊक असलेलं पवना धरण पिंपरी-चिंचवडला पिण्याचं पाणी पुरवतं. शनिवारी तिथे शाम्पूची बाटली घेऊन पाण्यात उतरणाऱ्यांपैकी कितीतरी जण सोमवारी तेच पाणी आपल्या घरच्या नळाखाली भरत असतात.